गुलामगिरीविरोधी चळवळ आणि अमेरिकेतील स्त्री-मताधिकाराचा लढा : ऋणाची नोंद आणि नोंदीतील विसर

प्रस्तावना

एखादी चळवळ आपला इतिहास स्वतःच लिहिते, तेव्हा त्या लेखनाला दुहेरी महत्त्व प्राप्त होते. ते घटनांचे साधन असते आणि स्वतःही एक घटना असते. अमेरिकेतील स्त्री-मताधिकाराच्या चळवळीने असा इतिहास लिहिला. एलिझाबेथ केडी स्टँटन, सुसान बी. अँथनी आणि माटिल्डा जोसलिन गेज यांनी संपादित केलेल्या 'हिस्टरी ऑफ वुमन सफ्रेज' या ग्रंथाचा पहिला खंड १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा १८८२ मध्ये, तिसरा १८८६ मध्ये व चौथा १९०२ मध्ये निघाला. शेवटचे दोन खंड १९२२ मध्ये, म्हणजे मताधिकार मिळाल्यानंतर आले. पाच हजारांहून अधिक पानांचा हा ग्रंथ पुढील जवळजवळ शंभर वर्षे अभ्यासकांचे मुख्य साधन ठरला.

या ग्रंथाच्या पहिल्या खंडात स्त्री-मताधिकाराच्या चळवळीची कारणे सांगताना गुलामगिरीविरोधी लढ्याला सर्वांत वरचे स्थान दिलेले आहे. म्हणजेच ऋण नाकारलेले नाही. तथापि ऋण मान्य करणे आणि ऋणकोने धनकोचे चित्र कसे रंगवावे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गुलामगिरीविरोधी चळवळीने स्त्रियांच्या लढ्याला नेमके काय दिले, त्या देणगीत कोणता दोष दडलेला होता आणि चळवळीच्या अधिकृत इतिहासाने या व्यवहाराची नोंद कशी केली, या तीन प्रश्नांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

व्यासपीठाचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन स्त्रीला मत नव्हते, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. त्याहूनही आधीचा अडथळा असा, की स्त्री-पुरुषांच्या मिश्र सभेत स्त्रीने उभे राहून बोलणे हेच मर्यादाभंगाचे मानले जाई. ही मर्यादा मोडणाऱ्या पहिल्या अमेरिकन स्त्रियांमध्ये बोस्टनच्या मराया स्ट्युअर्ट यांचे नाव घ्यावे लागते. या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रीने १८३२ मध्ये बोस्टनच्या फ्रँकलिन हॉलमध्ये जाहीर व्याख्यान दिले. विषय होता कृष्णवर्णीयांची, विशेषतः कृष्णवर्णीय मुलींची, हलक्या कामांत कोंडली गेलेली बुद्धी. विरोध वाढल्यावर १८३३ मध्ये निरोपाचे भाषण करून त्यांनी बोस्टनच्या व्यासपीठाचा त्याग केला.

त्यानंतर चार वर्षांनी अँजेलिना व सारा ग्रिम्के या भगिनींनी मॅसॅच्युसेट्समध्ये व्याख्यानांचा दौरा केला. दक्षिण कॅरोलायनातील गुलाममालक कुटुंबात जन्मलेल्या या दोघींचे बोलणे ऐकीव माहितीवर आधारलेले नव्हते. त्यामुळेच ते अधिक झोंबले. जुलै १८३७ मध्ये राज्यातील काँग्रिगेशनल धर्मोपदेशकांच्या मंडळाने पत्रक काढून स्त्रीने सार्वजनिक सुधारकाची भूमिका घेणे अनिष्ट असल्याचे जाहीर केले. हे पत्रक निर्णायक ठरले, मात्र उलट्या अर्थाने. गुलामांच्या बाजूने बोलायचे असेल तर आधी बोलण्याचा हक्कच सिद्ध करावा लागेल, हे ग्रिम्के भगिनींच्या ध्यानात आले. सारा ग्रिम्के यांची स्त्री-पुरुष समतेविषयीची पत्रे १८३८ मध्ये पुस्तकरूपाने आली, ती या निकडीतून. त्याच वर्षी फेब्रुवारीत अँजेलिना यांनी मॅसॅच्युसेट्स विधिमंडळाच्या समितीसमोर स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी अर्जांच्या वतीने भाषण केले.

येथे कार्यकारणाचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. स्त्रीहक्कांचा विचार आधी तयार झाला आणि मग गुलामगिरीविरोधी व्यासपीठाचा उपयोग केला गेला, असे घडले नाही. दुसऱ्याच्या मुक्तीसाठी तोंड उघडताना आपल्या तोंडावरचा हात जाणवला, असा हा क्रम आहे.

अर्ज, परिषदा आणि संघटन

दुसरी देणगी कार्यपद्धतीची होती. डिसेंबर १८३३ मध्ये फिलाडेल्फिया येथे अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी स्थापन झाली. ल्युक्रेशिया मॉट त्या सभेत उपस्थित होत्या, बोलल्याही. परंतु घोषणापत्रावर स्त्रियांच्या सह्या झाल्या नाहीत. काही दिवसांतच स्त्रियांनी स्वतंत्र संस्था काढली. तिच्यात फोर्टेन कुटुंबातील कृष्णवर्णीय स्त्रिया आरंभापासून होत्या. त्या पहिल्या सभेचे अध्यक्षपद घेण्याचा सराव एकाही स्त्रीला नव्हता, म्हणून जेम्स मॅक्रमेल या कृष्णवर्णीय गृहस्थांना त्या जागी बसवावे लागले, अशी आठवण मॉट यांनी पुढे सांगितली. याआधीच १८३२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे कृष्णवर्णीय स्त्रियांनी आपली गुलामगिरीविरोधी संस्था उभारली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

अध्यक्ष कसा निवडावा, ठराव कसा मांडावा, वर्गणी कशी गोळा करावी, हिशेब कसा ठेवावा, हे शिक्षण स्त्रियांना अशा संस्थांत मिळाले. मे १८३७ मध्ये न्यूयॉर्क येथे गुलामगिरीविरोधी स्त्रियांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. दुसऱ्या वर्षी फिलाडेल्फियात परिषद भरली असता जमावाने दगडफेक केली आणि १७ मे १८३८ च्या रात्री नुकतेच उघडलेले पेनसिल्व्हेनिया हॉल जाळून टाकले. कृष्ण व श्वेत स्त्रिया एकत्र बसल्या, हे त्या रोषाचे एक मोठे कारण होते.

या कार्यपद्धतीतील सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे अर्ज. मत नसलेल्या व्यक्तीलाही शासनाकडे अर्ज करण्याचा हक्क होता. घरोघर फिरून सह्या गोळा करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रियांनी केले. काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने १८३६ मध्ये गुलामगिरीविषयक अर्ज चर्चेविना बाजूला ठेवण्याचा नियम केला. तो १८४४ पर्यंत टिकला. या मुस्कटदाबीविरुद्ध माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स सभागृहात लढले आणि स्त्रियांच्या अर्जाधिकाराचे त्यांनी समर्थन केले. यादवी युद्धाच्या काळात १८६३ मध्ये स्टँटन व अँथनी यांनी वुमेन्स नॅशनल लॉयल लीग स्थापन केली आणि गुलामगिरी नष्ट करणाऱ्या घटनादुरुस्तीसाठी सुमारे चार लाख सह्या जमवल्या. हेच तंत्र पुढे मताधिकारासाठी वापरले गेले.

व्यक्तींच्या पातळीवरही हा दुवा स्पष्ट दिसतो. लुसी स्टोन या गुलामगिरीविरोधी संस्थेच्या पगारी व्याख्यात्या होत्या. स्त्रीहक्कांवर बोलण्याबद्दल तक्रार झाली, तेव्हा आठवड्याच्या अखेरीस गुलामगिरीवर आणि इतर दिवशी स्त्रीहक्कांवर बोलण्याची तडजोड त्यांनी केली. सुसान अँथनी १८५६ पासून त्याच संस्थेच्या न्यूयॉर्कमधील प्रतिनिधी होत्या.

मात्र ही शाळा समतेची होती, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. मे १८४० मध्ये अॅबी केली यांची संस्थेच्या कामकाज समितीवर निवड झाली आणि ज्या कारणांवरून संस्था फुटली, त्यांपैकी ते एक ठरले. पुढच्याच महिन्यात लंडनमधील जागतिक परिषदेत अमेरिकेहून आलेल्या स्त्री-प्रतिनिधींना मान्यता नाकारण्यात आली. विल्यम लॉइड गॅरिसन निषेध म्हणून प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसले. नवविवाहित स्टँटन आणि मॉट यांची भेट येथेच झाली. गुलामगिरीविरोधी चळवळीने स्त्रियांना दार उघडून दिले आणि त्याच दारात अडवलेही. स्त्री-चळवळीला दोन्ही अनुभवांनी घडवले.

सेनेका फॉल्स येथे १९ व २० जुलै १८४८ रोजी भरलेल्या सभेच्या जाहीरनाम्यावरही हा वारसा उमटलेला आहे. तो जाहीरनामा १७७६ च्या स्वातंत्र्याच्या घोषणेवर बेतलेला होता, हे नेहमी सांगितले जाते. परंतु त्याचे 'डिक्लरेशन ऑफ सेंटिमेंट्स' हे शीर्षक १८३३ च्या गुलामगिरीविरोधी संस्थेच्या घोषणापत्राचेच होते, याचा उल्लेख क्वचित होतो. मताधिकाराचा ठराव अडचणीत आला असता त्याच्या बाजूने फ्रेडरिक डग्लस उभे राहिले. स्वतः गुलामीतून पळून आलेल्या या वक्त्याच्या पाठिंब्याने तो ठराव संमत झाला.

'दास्य' या रूपकाची शक्ती आणि मर्यादा

तिसरी देणगी भाषेची होती आणि तीच सर्वांत अधिक गुंतागुंतीची आहे. माणूस माणसाची मालमत्ता होऊ शकत नाही, हे गुलामगिरीविरोधी विचाराचे सूत्र. विवाहित स्त्रीच्या कायदेशीर स्थितीला हे सूत्र लावले, की साम्य तात्काळ डोळ्यांत भरते. तत्कालीन सामान्य कायद्यानुसार विवाहानंतर स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होई. तिची मिळकत, मजुरी आणि अपत्यांचा ताबा पतीकडे जाई. म्हणून 'पत्नी म्हणजे गुलाम' हे रूपक भाषणांतून व वृत्तपत्रांतून रूढ झाले. न्यूयॉर्क राज्याने १८४८ व १८६० मध्ये विवाहितेच्या मालमत्तेविषयी केलेल्या कायद्यांच्या मागे जी जनजागृती होती, तिला या भाषेने धार दिली.

परंतु रूपक जितके प्रभावी, तितके ते काही गोष्टी झाकतही असते. विवाहित श्वेत स्त्रीला अपत्याच्या ताब्याचा हक्क नव्हता. गुलाम स्त्रीचे अपत्य बाजारात विकले जाई. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मुलाची स्थिती आईवरून ठरवली. परिणामी गुलाम स्त्रीच्या पोटी मालकापासून जन्मलेले मूलही मालकाची मालमत्ता ठरले. एकीला विवाहाने बांधले होते, तर दुसरीच्या विवाहालाच कायद्यात अस्तित्व नव्हते. शिवाय अनेक श्वेत स्त्रिया स्वतः गुलामांच्या मालकीण होत्या. 'स्त्री ही गुलामासारखी आहे' असे म्हटले, की वाक्यातील 'स्त्री' श्वेत ठरते आणि 'गुलाम' पुरुष. जी एकाच वेळी स्त्रीही आहे आणि गुलामही, तिला या उपमेत जागाच उरत नाही. उपमेय आणि उपमान यांच्यामधल्या फटीत ती हरवते. ही केवळ अलंकाराची उणीव नव्हे. १८६५ नंतरच्या राजकारणात तिची किंमत मोजावी लागली.

फाटाफूट : १८६६ ते १८७०

गुलामगिरी नष्ट झाल्यावर मताधिकाराच्या प्रश्नाने दोन्ही चळवळींची कसोटी पाहिली. मे १८६६ मध्ये सर्वांच्या समान हक्कांसाठी अमेरिकन इक्वल राइट्स असोसिएशन स्थापन झाली. त्याच वेळी न्यूयॉर्कच्या स्त्रीहक्क परिषदेत कवयित्री फ्रान्सेस एलन वॉटकिन्स हार्पर यांनी केलेले भाषण त्या काळातील सर्वांत मर्मग्राही भाषणांपैकी एक आहे. पतीच्या मृत्यूनंतर त्याच्या कर्जापायी घरातील वस्तू, उपजीविकेची दुधाची भांडीसुद्धा, कशी काढून नेली गेली, हे त्यांनी सांगितले. हा स्त्री म्हणून आलेला अनुभव होता. लगेच त्यांनी फिलाडेल्फियाच्या ट्रामगाड्यांत कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा विषय काढला. श्वेत स्त्रियांना मत मिळाले की सर्व अन्याय दूर होतील, यावर आपला विश्वास नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले. रूपकाने झाकलेली स्त्री येथे स्वतः बोलत होती.

तिचे म्हणणे दोन्ही गटांनी पुरते ऐकले नाही. वेंडेल फिलिप्स यांच्यासारख्या नेत्यांनी ही वेळ नीग्रोंची आहे, स्त्रियांनी थांबावे, अशी भूमिका घेतली. १८६८ मध्ये संमत झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीने मतदारांच्या संदर्भात 'पुरुष' हा शब्द प्रथमच संविधानात आणला. स्टँटन व अँथनी यांचा संताप समजण्यासारखा होता. त्यांनी निवडलेला मार्ग मात्र नव्हे. १८६७ मध्ये कॅन्सास राज्यात स्त्रियांच्या व कृष्णवर्णीयांच्या मताधिकारावर स्वतंत्र कौल घेतले गेले आणि दोन्ही फेटाळले गेले. त्या प्रचारात दोघींनी जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन या उघड वंशद्वेष्ट्या धनिकाचे साहाय्य घेतले. १८६८ मध्ये निघालेल्या 'द रेव्होल्यूशन' या त्यांच्या पत्रालाही त्याचा पैसा मिळाला. सुशिक्षित श्वेत स्त्रीच्या आधी अशिक्षित कृष्णवर्णीयाला व परदेशातून आलेल्या मजुराला मत मिळावे काय, अशा स्वरूपाचा युक्तिवाद स्टँटन करू लागल्या.

मे १८६९ च्या सभेत डग्लस यांनी उत्तर दिले. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना घरातून ओढून दिव्याच्या खांबांना लटकावले जात असताना त्यांच्यासाठी मत हा जीवनमरणाचा प्रश्न आहे, असा त्यांचा आशय होता. कृष्णवर्णीय स्त्रीविषयी हेच खरे नाही काय, असे विचारले गेले; तेव्हा तिच्यावरील अत्याचार ती स्त्री असल्यामुळे नव्हे, तर कृष्णवर्णीय असल्यामुळे होतात, असे ते म्हणाले. डग्लस यांच्यासारख्या समतावाद्याच्या उत्तरातही तिचे दोन तुकडे करावे लागले, ही बाब विचारात घेण्यासारखी आहे. त्याच वर्षी चळवळीच्या दोन राष्ट्रीय संघटना झाल्या. स्टँटन-अँथनी यांच्या संघटनेने पंधराव्या दुरुस्तीला विरोध केला, तर लुसी स्टोन यांच्या संघटनेने पाठिंबा दिला. ही दुरुस्ती १८७० मध्ये अमलात आली. दोन्ही संघटना एकत्र येण्यास १८९० साल उजाडावे लागले.

इतिहासग्रंथ आणि सोजर्नर ट्रुथ यांचे भाषण

'हिस्टरी ऑफ वुमन सफ्रेज'चे आरंभीचे खंड या फाटाफुटीनंतर, एका पक्षाने लिहिलेले आहेत. लुसी स्टोन यांनी सहकार्य नाकारले आणि त्यांच्या संघटनेची हकीकत दुसऱ्या खंडातील एका प्रकरणात आटोपली. मात्र ग्रंथातील अधिक खोल प्रश्न सोजर्नर ट्रुथ यांच्या प्रसिद्ध भाषणाच्या संदर्भात उभा राहतो.

मे १८५१ मध्ये ओहायो राज्यातील अॅक्रन येथील परिषदेत ट्रुथ बोलल्या. परिषदेचे एक सचिव मेरियस रॉबिन्सन यांनी त्या भाषणाचा वृत्तांत २१ जून १८५१ च्या 'अँटी-स्लेव्हरी ब्यूगल' या पत्रात छापला. त्यात भाषा साधी, सुबोध आणि विनोदाची झाक असलेली आहे. पुरुषाइतके काम करण्याची आपली ताकद, बायबलमधील हव्वा आणि ख्रिस्ताचा जन्म असे मुद्दे त्यात आहेत; परंतु 'मी स्त्री नव्हे काय?' या आशयाचा, पुढे जगप्रसिद्ध झालेला प्रश्न पुनःपुन्हा येत नाही. तो येतो १८६३ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनंतर, फ्रान्सेस डाना गेज यांनी लिहिलेल्या आठवणीत. या आठवणीत ट्रुथ यांच्या तोंडी दक्षिणेकडील गुलामांची मानली गेलेली बोली घातलेली आहे आणि त्यांना तेरा मुले झाल्याचे म्हटले आहे. वस्तुतः ट्रुथ यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील अल्स्टर काउंटीतला. त्यांची पहिली भाषा डच होती आणि त्यांना पाच मुले झाली होती. गेज यांनी रंगवलेल्या प्रतिकूल, गोंधळी सभेला समकालीन वृत्तांतांचा आधार मिळत नाही.

१८८१ च्या पहिल्या खंडाने रॉबिन्सन यांचा वृत्तांत घेतला नाही. गेज यांची आठवण घेतली. त्यामुळे ती अधिकृत पाठ बनली आणि पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचली. पाठचिकित्सेच्या दृष्टीने पाहता, अल्पावधीत छापलेला वृत्तांत सोडून बारा वर्षांनंतरच्या नाट्यमय आठवणीला प्राधान्य का दिले गेले, हा प्रश्न टाळता येत नाही. गेज यांच्या कथनात घाबरलेल्या श्वेत स्त्रियांच्या मदतीला एक धिप्पाड, अडाणी, अद्भुत शक्तीची कृष्णवर्णीय स्त्री धावून येते आणि सभा जिंकून देते. तिने चळवळीला बळ द्यावे, एवढेच या चित्रात अपेक्षित आहे. चळवळीकडे तिने काही मागावे, याला तेथे जागा नाही. ट्रुथ १८६७ मध्ये समान हक्क संघटनेच्या सभेत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या हक्कांसाठी काय म्हणाल्या, किंवा १८७२ मध्ये मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे त्यांनी मतदानाचा प्रयत्न कसा केला, या गोष्टी त्या एका प्रश्नाच्या प्रतिध्वनीत दबून गेल्या.

अभ्यासकांची मतांतरे

एलन ड्युबॉय यांनी १९७८ मधील 'फेमिनिझम अँड सफ्रेज' या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की गुलामगिरीविरोधी पक्षापासून झालेल्या विच्छेदामुळेच स्त्री-चळवळ प्रथमच स्वतंत्र राजकीय शक्ती बनली. अँजेला डेव्हिस यांनी १९८१ मध्ये 'वुमेन, रेस अँड क्लास' या ग्रंथात याच विच्छेदातील वंशवादावर बोट ठेवले. रोझलिन टर्बोर्ग-पेन यांनी १९९८ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मताधिकारलढ्याचा स्वतंत्र इतिहास मांडला. नेल पेंटर यांच्या १९९६ च्या चरित्राने ट्रुथ यांच्या भाषणाचा पाठ तपासला. लिसा टेट्रॉल्ट यांनी २०१४ मध्ये सेनेका फॉल्स हा आरंभबिंदू यादवी युद्धानंतरच्या स्मृतीतून कसा घडवला गेला, हे दाखवले. मार्था जोन्स यांच्या २०२० च्या 'व्हॅनगार्ड'ने कृष्णवर्णीय स्त्रियांना कथेच्या केंद्रस्थानी आणले.

ड्युबॉय यांचा मुद्दा अग्राह्य म्हणता येणार नाही. परावलंबी चळवळीला मित्रांच्या सवडीने चालावे लागते, हे १८६५ ने सिद्ध केले होते. पण स्वातंत्र्याचे मूल्य कोणी चुकते केले, हा प्रश्न त्या प्रतिपादनात गौण राहतो. पुढील घटनाक्रम पाहता तो गौण ठेवता येत नाही. १८९५ मध्ये अटलांटा येथे भरणाऱ्या अधिवेशनाला दक्षिणेतील स्त्रिया दुखावू नयेत म्हणून अँथनी यांनी आपल्या जुन्या सहकाऱ्याला, डग्लस यांना, न येण्याची विनंती केली. त्याच वर्षी, २० फेब्रुवारी रोजी, वॉशिंग्टनमधील स्त्रियांच्या एका सभेहून घरी परतल्यावर डग्लस यांचे निधन झाले. १९०३ मध्ये न्यू ऑर्लीन्स येथे राष्ट्रीय संघटनेने राज्यांच्या स्वायत्ततेचे तत्त्व मान्य केले. त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की दक्षिणेतील शाखांना श्वेत स्त्रियांपुरता मताधिकार मागण्याची मुभा मिळाली. ३ मार्च १९१३ च्या वॉशिंग्टनमधील मोर्चात आयडा बी. वेल्स यांना मागे चालण्यास सांगितले गेले. त्यांनी ते मानले नाही आणि वाटेत इलिनॉयच्या तुकडीत जाऊन मिसळल्या.

मराठी वाचकाच्या दृष्टीने

हा विषय मराठी विचारविश्वाला परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मधील 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. पंडिता रमाबाई यांनी १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत वास्तव्य केले आणि १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तेथील स्त्रियांच्या संघटित कार्याचा मराठीत परिचय करून दिला. फुले यांनी दास्याची संकल्पना जातीला लावली, ती केवळ उपमा म्हणून नव्हे. पीडितांच्या दोन समूहांचे नाते जोडताना त्यांनी शूद्रातिशूद्र स्त्रीला दृष्टिआड केले नाही, हे त्यांच्या शिक्षणकार्यावरून दिसते. 'स्त्री' आणि 'दलित' असे दोन रकाने मांडून दलित स्त्रीला दोहोंबाहेर ठेवण्याचा धोका मराठी चर्चेतही जाणवला आहे. त्या दृष्टीने अमेरिकन अनुभव उद्बोधक ठरतो.

समारोप

गुलामगिरीविरोधी चळवळीने स्त्री-मताधिकाराच्या लढ्याला व्यासपीठ, कार्यपद्धती आणि भाषा दिली. यांपैकी पहिल्या दोन देणग्या जवळजवळ निर्भेळ होत्या. तिसरीत मात्र अर्धीच स्त्री सामावली होती. एकोणिसावी घटनादुरुस्ती ऑगस्ट १९२० मध्ये अमलात आली, तेव्हा दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना साक्षरतेच्या परीक्षा, मतपट्टी आणि दहशत यांमुळे मतपेटीपर्यंत पोहोचता आले नाही. त्यांच्यासाठी खरा टप्पा १९६५ चा मताधिकार कायदा होता. त्याच्या अंमलबजावणीचे एक महत्त्वाचे सूत्रही सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्दबातल केले.

म्हणून या ऋणाचे मूल्यमापन करताना केवळ कृतज्ञतेची भाषा अपुरी पडते. 'हिस्टरी ऑफ वुमन सफ्रेज'ने ऋण नोंदवले, पण धनकोला साक्षीदार म्हणून बोलावले आणि तिची साक्ष आपल्या शब्दांत लिहून घेतली. रॉबिन्सन यांचा जुना वृत्तांत आणि हार्पर यांचे १८६६ चे भाषण एकमेकांशेजारी ठेवून वाचले, तर त्या साक्षीचा मूळ स्वर आजही ऐकू येतो. स्त्री-मताधिकाराचा इतिहास शिकवताना हे दोन पाठ वर्गात आणणे, एवढे तरी या चिकित्सेतून निष्पन्न व्हावे.